आजी गेल्यानंतरचा पहिला नाताळ: घरातल्या प्रथा किती धरायच्या, किती बदलू द्यायच्या?

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचं माहेर नवापूर तालुक्यातलं. यंदा पावसाळ्यात आजी गेली. भाऊ सुरतेला असतो. वहिनी धुळ्याची, हिंदू घरातली. ताईंच्या मुलांना मावची, म्हणजे तिकडची आदिवासी बोली, येत नाही, त्यामुळे गावच्या चर्चमधल्या कार्यक्रमात ती कंटाळतात. आई म्हणते, आजी असताना जसं व्हायचं तसंच सगळं झालं पाहिजे. वडील म्हणतात, आता पूर्वीचा नाताळ राहिला नाही, उगाच ओढाताण नको. घरातल्या नाताळच्या प्रथा किती धरून ठेवायच्या, किती बदलू द्यायच्या, आणि आईला न दुखावता हे कसं करायचं, असा ताईंचा प्रश्न आहे.

ताई, सलाम.

धुळे, नंदुरबार आणि जळगाव या तिन्ही जिल्ह्यांतल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या समाजांत, पाळक (धर्मगुरू) म्हणून माझी उमर गेली. नाताळच्या आधी आणि नंतर घरोघरी जाणं हे माझं कामच होतं. त्यामुळे प्रथा टिकलेली घरं मी पाहिली आहेत, मोडलेली पाहिली आहेत, आणि मोडून नव्याने उभी राहिलेलीही पाहिली आहेत. त्यावरून सांगतो: घरातली प्रथा श्रद्धा कमी झाली म्हणून क्वचितच मोडते. ती मोडते कारण तिचं सगळं काम एकाच माणसाच्या अंगावर असतं, बहुतेक वेळा एका बाईच्या, आणि ती थकते किंवा जाते. तुमच्या आईला आणि वडिलांना कोण बरोबर हे ठरवायच्या आधी एवढं शोधा, की आजी नेमकं काय काय करत होती आणि ते आता कोण करणार आहे. बाकीची उत्तरं त्यातूनच निघतील.

आधी आईच्या ‘जसं व्हायचं तसंच’ या म्हणण्याबद्दल. ज्याला आपण जुना नाताळ म्हणतो तो आपल्या भागात फार जुना नाही, आणि तो कधीच एकसारखाही नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन वंशाचे मिशनरी पश्चिम खान्देशात आले. त्यांच्या मुलुखात २४ डिसेंबरची संध्याकाळ हाच सणाचा मुख्य वेळ. झाड, मेणबत्त्या, भेटवस्तू हे त्यांच्या घरचं. आपल्या पणज्यांनी त्यातलं काही घेतलं, काही बाजूला ठेवलं आणि बरंच स्वतःचं त्यात घातलं. चांदणी करायची ती बांबूच्या कामट्यांची, त्यावर पतंगाचा कागद, चिकटवायला पिठाची खळ. म्हणजे शेजारी दिवाळीत आकाशकंदील जसा करतात तसाच, फक्त पाच टोकांचा. फराळही दिवाळीचाच: करंज्या, शंकरपाळे, चकल्या, लाडू. झाड म्हणून कुठे सुरूच्या झाडाची फांदी, आणि ते झाड नसेल तिथे अंगणात जे हिरवं असेल ते. ढोल तर आपलाच होता.

गाण्यांचंही असंच झालं. सुरुवातीला इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरं होती. पुढे नारायण वामन टिळकांसारख्या माणसाने ख्रिस्ताची गाणी अभंग, भजन आणि कीर्तनाच्या अंगाने लिहिली. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १९१९ साली ते गेले. त्या चोवीस वर्षांत मराठी उपासनेचा सूर बदलला. खान्देशातल्या चर्चमध्ये पेटी, ढोलकी आणि झांजेवर भजनं म्हणताना कोणाला हे नवीन वाटत नाही, पण कधीतरी ते नवीनच होतं, आणि तेव्हाही कोणीतरी म्हणालं असेल की पूर्वीचं राहिलं नाही. दोंडाईचाकडच्या एक म्हाताऱ्या बाई दर नाताळला मला म्हणायच्या, “पाळकसाहेब, आते पहिलेसारखं काही राह्यनं नही.” आणि त्याच बाई नातवाने आणलेली दिव्यांची माळ कुडावर कुठून कशी फिरवायची हे ओट्यावर उभ्या राहून सांगायच्या.

वडिलांचं म्हणणं मात्र मला जास्त जपून हाताळावंसं वाटतं. ‘ओढाताण नको’ असं पुरुष म्हणतात तेव्हा पुष्कळदा त्यात आपल्या आईच्या जाण्याचं दुःख असतं, फक्त ते तसं बोलत नाहीत. तुमची आजी म्हणजे त्यांची आई. यंदाचा नाताळ त्यांना नकोसा वाटत असेल तर ते स्वाभाविक आहे. आपल्याकडे घरात मृत्यू झाला की पहिल्या वर्षी सण करत नाहीत, घरात तळण होत नाही, शेजारचे आणि भाऊबंद फराळ आणून देतात. ख्रिस्ती झालेल्या पुष्कळ घरांनी ही रीत ठेवली आहे. काही पाळक तिच्याविरुद्ध बोलतात. मी कधी बोललो नाही. दुःख असलेल्या घरात बाहेरून ताटं येतात यात मला काही गैर दिसत नाही, उलट मंडळीने करावं असं ते कामच आहे.

म्हणून यंदा घरी तळण ठेवू नका. आईला स्वच्छ सांगा, की हे वर्ष आजीचं आहे, करंज्या पुढच्या वर्षी. तिला हे पटेल, कारण ही सबब नाही, तिला माहीत असलेली रीत आहे. महिला मंडळातल्या एखाद्या मावशीच्या कानावर घाला, ताटं येतील. आणि २४ च्या रात्री उपासनेहून आल्यावर सगळ्यांनी बसून आजीबद्दल बोला. वडिलांना आधी बोलू द्या. ते बोलले नाहीत तर आग्रह करू नका, पण त्यांच्यासाठी थोडा वेळ गप्प बसा. पाळकांना बोलावून छोटी उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानण्याची, प्रार्थना ठेवता येते, बहुतेक मंडळ्यांत तशी पद्धत आहे. आजीने आयुष्यभर ज्या घरांना ताटं पाठवली, त्यातली दोन-चार माणसं आली तरी पुरे.

आता पुढच्या वर्षांकडे बघू. तुम्ही लिहिलं आहे की सुट्टी जुळत नाही, भाऊ कधी येतो कधी नाही. इथे मला तारखेबद्दल सांगायचं आहे, कारण पुष्कळ घरं तारखेवर मोडतात. येशूच्या जन्माची तारीख बायबलमधल्या शुभवर्तमानात कुठेही दिलेली नाही. लूक मेंढपाळांचं सांगतो, मत्तय ताऱ्याचं आणि मागी लोकांचं, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी माणसांचं, सांगतो, दिवस कोणीच सांगत नाही. २५ डिसेंबरची सगळ्यात जुनी नोंद रोममधली, ३३६ सालची. रशियातली आणि आणखी काही पूर्वेकडची मंडळी जुन्या ज्युलियन पंचांगाने चालते, त्यांचा नाताळ आपल्या ७ जानेवारीला येतो. ते काही आपल्यापेक्षा कमी ख्रिस्ती नाहीत. मंडळीची उपासना २५ ला होणार, ती त्याच दिवशी झाली पाहिजे, कारण ती सगळ्यांची आहे. पण घरचं जेवण, भावंडांचं एकत्र येणं, मुलांच्या भेटी यांना ती तारीख बांधलेली नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आपल्या नंदुरबारकडची किती कुटुंबं दिवाळीनंतर कोयता घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात ते तुम्हाला सांगायला नको. नाताळ येतो तेव्हा ती बारडोलीच्या बाजूला कुठल्यातरी पडावावर असतात. पहाटे तोड, रात्री-अपरात्री गाडी भरायला उठायचं. अशा पडावांवर मी नाताळ केला आहे. उसाच्या पाचटाच्या झोपड्या, मधे शेकोटी, एका काठीला बांधलेली कागदाची चांदणी, आणि दिवसभर तोड करून आलेली माणसं मावचीत गाणी म्हणताहेत. फराळ नव्हता, चहा आणि बिस्किटं होती. त्या उपासनेत काही कमी आहे असं मला एकदाही वाटलं नाही. त्यातली बरीच कुटुंबं होळीच्या सुमारास गावी येतात, आणि काही जण घरचं नाताळचं जेवण तेव्हा करतात. गावात राहिलेल्या म्हाताऱ्यांनी त्यांच्यासाठी कोंबडा राखून ठेवलेला असतो. मार्चमध्ये कसला नाताळ, असं त्यांना कोणी विचारत नाही.

भुसावळला वेगळं कारण, पण गोष्ट तीच. रेल्वेच्या घरांत बाप गार्ड किंवा ड्रायव्हर असला की २५ तारखेला त्याची ड्युटी कुठे लागेल याचा भरवसा नसतो. तिथल्या कुटुंबांनी फार पूर्वीपासून हे ठरवून टाकलं आहे, की बाप ज्या जेवणाला घरी असेल ते नाताळचं जेवण. कधी २४ ची दुपार, कधी २७ ची रात्र. रेल्वे कॉलनीतली अँग्लो-इंडियन कुटुंबं स्वातंत्र्यानंतर हळूहळू इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला निघून गेली, पण त्यांच्याकडून शेजारच्या गोवेकर, तमिळ आणि मराठी घरांनी केक उचलला. घरी ओव्हन नसेल तर मिश्रण डब्यात भरून बेकरीवर न्यायचं आणि भट्टीत भाजून आणायचं. नानकटाईचंही तसंच. बेकरीवाला बहुतेक मुसलमान, त्याच्या भट्टीपुढे रांगेत ख्रिस्ती बायका. तो नाताळही आता तिथे पहिल्यासारखा राहिलेला नाही. पण बापाच्या ड्युटीप्रमाणे जेवण ठरवायची रीत मात्र तशीच आहे, कारण तिची गरज अजून आहे.

तेव्हा तुमच्या घरानेही एक दिवस ठरवावा, जो भावाला आणि तुम्हाला दोघांना जमेल. २६ डिसेंबर मला बरा वाटतो. २५ ला गावच्या मंडळीचं प्रीतिभोजन असतं, आई-वडील तिथे गुंतलेले असतात. २६ ला घरचे मोकळे असतात. आणि डिसेंबर म्हणजे भरिताचे दिवस. तिकडे जळगाव भागातली ख्रिस्ती घरंसुद्धा नाताळच्या सुट्टीत मळ्यात जाऊन भरीत करतात: वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजायची, लाकडी बडगीत मिरची-लसणासकट ठेचायची, वर कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी. यात एक मोठा फायदा आहे. करंजी एक बाई चुलीपाशी बसून करते आणि बाकीचे खातात. भरिताला जाळ घालणारा लागतो, वांगी फिरवणारा लागतो, सालं काढणारी मुलं लागतात, ठेचायला जोर असलेला माणूस लागतो. तुमचा भाऊ आणि तुमचे यजमान दोघंही कामाला लागतील आणि आई बसून सूचना देईल. तुमच्या घरी दुसरं काही करत असाल तर ते करा, पण असंच काहीतरी निवडा ज्यात एकापेक्षा जास्त हात लागतात.

करंज्या सोडून द्या असं मी म्हणत नाही. आजीची करंजी आईला हवी आहे, ती राहिली पाहिजे. पण आईने एकटीने पन्नास-साठ करंज्या लाटायच्या आणि तुम्ही सगळ्यांनी २४ ला संध्याकाळी येऊन पोचायचं, हे आता पुढे चालणार नाही. पुढच्या वर्षी एक दिवस आधी जा. सारण आईने करावं, कारण खोबरं किती भाजायचं, खसखस किती घालायची हे तिच्याच हाताला माहीत आहे. तुम्ही तिच्या शेजारी बसून वजनकाट्यावर मोजून लिहून घ्या. लाटायला वहिनी, भरायला मुलं. पोरांच्या करंज्या फुटतील, तेल खराब होईल, आई चिडेल. ते सोसा. ज्या घरात मुलांना फुटक्या करंज्या करू दिल्या नाहीत, त्या घरात आज करंज्या विकत येतात.

वहिनींबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण मला वाटतं घरातली निम्मी अडचण तिथे आहे. इतर धर्मांतून आलेल्या सुना आणि जावई यांच्याशी आपली घरं दोनच प्रकारे वागतात: एक तर त्यांनी सगळं आपल्यासारखं करावं अशी अपेक्षा ठेवतात, नाहीतर पाहुण्यासारखं बसवून ठेवतात. दोन्हींत त्या माणसाला जागा मिळत नाही. वहिनीला उपासनेला यायचं की नाही ते तिचं तिने ठरवावं, आईने त्यावर बोलू नये, हे तुम्ही मुलगी म्हणून आईला सांगू शकता, वहिनी सांगू शकत नाही. पण घरच्या कामात तिचा हक्काचा वाटा असू द्या. धुळ्याकडच्या घरातली मुलगी आहे, सांजोऱ्या येत असतील, येत नसतील तर तिच्या आईला येत असतील. तुमच्या फराळाच्या ताटात तिच्या माहेरचा एक पदार्थ आला की ते ताट तिचंही होतं. अंगणात रांगोळी तिला काढू द्या. आपल्याकडे नाताळला दारात चांदणीची रांगोळी काढतातच. तिच्या आई-वडिलांना २६ च्या जेवणाला बोलवा, आणि त्यांच्या दिवाळीला तुमच्या आई-वडिलांनी जावं. तुमच्या नात्यात जी घरं अजून आपल्या जुन्या देवांना मानतात त्यांनाही ताट जात होतं ना आजीच्या हातचं? ते बंद होऊ देऊ नका. प्रथांपैकी एकच गोष्ट वाचवता येणार असेल तर मी केकही वाचवणार नाही आणि झाडही नाही, ही ताटं वाचवीन.

मुलांच्या कंटाळ्याचं दोन भागांत बघू. कार्यक्रम लांबतो हे खरं आहे. तीन तासांचा कार्यक्रम, त्यात पाहुण्यांचे सत्कार, आणि डिसेंबरची आपली थंडी. मोठ्यांनाही तो जड जातो. ते मंडळीच्या पंचांनी सुधारायचं, तुमच्या हातात नाही. पण मुलं बघायला बसतात म्हणून कंटाळतात. शब्बाथ शाळेच्या (चर्चमधल्या मुलांच्या धर्मवर्गाच्या) बाईंना नोव्हेंबरातच फोन करा आणि मुलांना नाटिकेत एखादं छोटं काम मागून घ्या. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला मेंढपाळ व्हायला मावची यावी लागत नाही. आणि एक गाणं मावचीत शिकवा, एकच. मुलांच्या आजोबांना, म्हणजे तुमच्या वडिलांना, ते मोबाइलवर म्हणायला सांगा आणि पुण्यात मुलांकडून पाठ करून घ्या. आजोबांनाही काम मिळेल. वडिलांना सण नकोसा झाला असेल, पण नातवंडांना गाणं शिकवायला ते नाही म्हणणार नाहीत.

लूकच्या दुसऱ्या अध्यायाचं, म्हणजे येशूच्या जन्माच्या गोष्टीचं, वाचन घरी कोण करतं? बहुतेक घरांत सगळ्यात वडीलधारा माणूस करतो. मी पुष्कळ घरांना सुचवलं की ज्याला नुकतंच वाचता यायला लागलं आहे त्या मुलाला वाचू द्या. जोडाक्षरांवर अडखळेल, सगळे थांबून ऐकतील. नवापूरच्या पोराला ‘गव्हाणी’ काय ते सांगावं लागत नाही, पुण्याच्या पोराला मागच्या गोठ्यात नेऊन दाखवा.

बाकीच्या बदलांवर भांडू नका. प्लास्टिकचं झाड, बाजारातली विजेची चांदणी, सांताक्लॉजची टोपी, व्हॉट्सॲपवरच्या शुभेच्छा, यांनी घर मोडत नाही. सांताचं विचारलं तर मुलांना मायराच्या संत निकोलसची गोष्ट सांगा, गरिबांना गुपचूप मदत करणाऱ्या बिशपची, आणि पुढे चला. एका बदलाला मात्र माझा उघड विरोध आहे, तो म्हणजे कॅरोलला, नाताळची गाणी म्हणत घरोघरी फिरताना, ट्रॅक्टरवर लावलेला डीजे. गॅसबत्ती आणि ढोलकी घेऊन तरुण संघ दारात यायचा तेव्हा घरातली म्हातारी आतून त्यांच्याबरोबर गायची. डीजेबरोबर तिला गाता येत नाही, ती दार लावून घेते. ज्या बदलाने घरातल्या एखाद्या माणसाचा वाटा जातो तो नको. ज्याने कोणाला नवीन वाटा मिळतो तो खुशाल येऊ द्या. तुमच्या घरातही एकेक गोष्ट याच मापाने मोजा. विकतची चांदणी आणली म्हणून कोणाचं काम गेलं? आजोबा कामट्या तासत असतील तर विकतची नको. कोणीच करत नसेल तर जरूर आणा.

आईशी बोलताना ‘आता एवढं करू नकोस’ असं म्हणू नका. आयुष्यभर सासूच्या हाताखाली सगळं केल्यावर आता कुठे ते घर तिच्या हातात आलं आहे, आणि नेमकं तेव्हाच मुलं म्हणताहेत की राहू दे. तिच्या ‘तसंच झालं पाहिजे’मध्ये हेही आहे. तिला विचारा, आजीच्या पद्धतीतलं तुला स्वतःला काय नको होतं? फोनवर विचारू नका, समोर बसून विचारा. काहीतरी नक्की असेल. एका ताईंच्या आईने हसत सांगितलं होतं की सासूबाई २४ च्या मध्यरात्री चूल पेटवायला लावायच्या आणि ते तिला कधीच आवडलं नाही. त्या घरात मध्यरात्रीचं जेवण बंद झालं, आईनेच केलं, आणि कोणाला प्रथा मोडली असं वाटलं नाही.

यंदासाठी एवढं करा. डिसेंबर लागायच्या आत भावाशी आणि वहिनीशी बोलून २६ तारीख पक्की करा. ताप्ती लाइनच्या गाड्या नाताळात भरून येतात, सुरत ते नवापूर तिकीट भावाने लवकर काढावं. तुम्ही पुण्याहून साक्रीमार्गे बसने येणार असाल तर २३ च्या रात्री निघा, म्हणजे २४ ची दुपार हाताशी राहील. मुलांना स्वेटरवर आणखी एक जाड काही घ्या. आणि तुमच्या पाळकांना आधीच कळवून ठेवा की २४ च्या रात्री घरी आजीसाठी प्रार्थना आहे. त्या रात्री त्यांना बऱ्याच घरी जायचं असतं, वेळ त्यांच्याकडूनच मागून घ्या.